अर्थशास्त्राचा दुसरा पेपर

मागच्या वर्षी विद्यापीठानं आपला इतिहास छापून काढला. जाड पुठ्ठ्याचं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक. निवृत्त शिक्षकांना एकेक प्रत पाठवली, तशी मलाही आली. दोन दिवस मी ते मांडीवर घेऊन बसले. कुलगुरूंचे फोटो आहेत, पायाभरणीचे आहेत, पदवीदान समारंभात झगे घालून ओळीनं चाललेली माणसं आहेत. मी मात्र परीक्षा विभागाच्या प्रकरणात आमचं गाव शोधत होते. गावाचं नाव कुठंच नाही. तालुक्याच्या एका केंद्रावर काही संशयास्पद आढळलं आणि एक पेपर सगळीकडे पुन्हा घ्यावा लागला, एवढ्या अर्थाचं एक वाक्य आहे आणि पुढच्याच वाक्यात लेखक नव्या ग्रंथालयाकडे वळतो. ते एक वाक्य म्हणजे माझा बा. म्हणून हे लिहायला घेतलं. गावाचं नाव मीही लिहीत नाही, कारण त्या वेळची काही माणसं अजून आहेत आणि त्यांची नातवंडं मला रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. यवतमाळहून पुसदला जाताना लागतं, एवढं पुरे.

बा कॉलेजात शिपाई होता. आमचा तांडा तिथून तीन कोसांवर. कॉलेज निघालं तेव्हा इमारतीचे दगड-विटा वाहायला तांड्यावरची माणसं आली होती, त्यांत बा होता; काम संपलं आणि बाकीचे परत गेले, बा मात्र तिथंच राहिला. आधी झाडांना पाणी घालायला, मग रात्रीचा राखणदार आणि मग कायमचा शिपाई. सगळे त्याला सक्रूभाऊ म्हणत. कॉलेजच्या मागं कडुनिंबाखाली दोन टिनाच्या खोल्या होत्या, त्यांत आम्ही तिघं राहत होतो. आमच्या घराला घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती, कारण कॉलेजची घंटा बाच वाजवायचा. रुळाचा एक तुकडा व्हरांड्यात टांगलेला होता, त्यावर तो असा ठोका द्यायचा की बाजारातली दुकानं त्यावर उघडायची. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, गावात येऊनही तांड्याचा पोशाख सोडला नव्हता. काचळी म्हणजे आरशांची चोळी, फेटिया म्हणजे घेरदार घागरा आणि दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती भाकरी थापायला बसली की बांगड्यांचा एका लयीत खळखळाट व्हायचा आणि तेवढ्यावरून मला अंथरुणात कळायचं की भाकरी किती झाल्या. उन्हाळ्यात अंबाडीची भाजी, ठेचा, फोडलेला कांदा आणि मडक्यातली ज्वारीची आंबील. मोहाचं झाड दूर असलं तरी त्या दिवसांत वाऱ्याला त्याचा वास असायचा.

विद्यापीठ आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. ते शहरात होतं आणि आमच्याकडे त्यातलं वर्षातून एकदा यायची ती एक लोखंडी पेटी. हिरवी, जाड कुलपाची, बाजूला पांढऱ्या रंगात केंद्राचा आकडा. त्या पेटीत परीक्षेचे पेपर असायचे. बा ती एसटीवरून उतरवून घ्यायचा आणि डोक्यावर न घेता हातावर आणायचा, जशी घरात नवी सून आणावी तशी. त्यामागं कारण होतं. आमच्या गावाला परीक्षा केंद्र मिळून फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी बी.ए.च्या पोरांना वळकटी बांधून शहरात जावं लागायचं, धर्मशाळेत राहून पेपर द्यावे लागायचे. मुली तर जातच नसत. दुसऱ्या वर्षाला कॉलेज संपवून लग्नाला उभ्या राहत. केंद्र गावात आलं आणि मुली शेवटच्या वर्षापर्यंत पोचायला लागल्या. प्राचार्यांनी दहा चकरा मारून ते आणलं होतं आणि गावातला प्रत्येक माणूस, ज्याच्या घरात शाळेत जाणारंही कुणी नव्हतं तोसुद्धा, 'आपलं केंद्र' म्हणायचा.

मी शेवटच्या वर्षाला आले तेव्हा एक नियम आडवा आला. ज्याचं मूल परीक्षेला बसलंय त्यानं परीक्षेच्या कामाला हात लावायचा नाही. बानं स्वतः प्राचार्यांना सांगितलं, "साहेब, यंदा माही पोरगी हाय. मले दुसरं काम द्या." प्राचार्य म्हणाले, "सक्रूभाऊ, तुमच्याशिवाय पेटी मी कोणाच्या हाती देऊ?" त्या वेळी तो मान वाटला होता. बा घरी येऊन याडीला ते दोनदा सांगत होता आणि हसत होता. आज मला वाटतं, त्या दिवशी प्राचार्यांनी नियम पाळला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

एप्रिल संपत आला होता. आमच्याकडचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला त्याबद्दल सांगून उपयोग नाही. दुपारी बारानंतर गावात कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. पेपर सकाळी आठ ते अकरा. अकरानंतर बा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कापडात शिवायचा, मेणबत्तीवर लाख वितळवून त्यावर कॉलेजची पितळी मोहोर उमटवायचा, आणि मग ते गठ्ठे पोस्टात जायचे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन दुपारी ऑफिसात गेले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. केंद्रप्रमुख सर, आमचे एक प्राध्यापक, जेवायला घरी गेले होते. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

बा जमिनीवर उकिडवा बसला होता. हिरवी पेटी उघडी. त्याच्या मांडीवर एक पाकीट होतं, आमच्या गठ्ठ्यांसारखं कापडाचं नव्हे, विद्यापीठाचं जाड खाकी पाकीट. बाजूला भर दुपारी मेणबत्ती जळत होती आणि तो लाखेची मोहोर बोटानं दाबून धरत होता. त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन टपकत होता. मी दारात उभी आहे हे त्याला कळलं तेव्हा त्यानं जसं माझ्याकडे पाहिलं, तसं त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढंही नाही.

"तू कायले आली?" तो म्हणाला.

"डबा."

"ठेव तिथं अन् जाय. जाय ना!"

मी डबा ठेवला आणि पळाले. घरी येऊन मडक्याजवळच्या ओल्या जमिनीवर बसले. मला काहीही समजलं नव्हतं आणि तरी सगळं समजल्यासारखं वाटत होतं. याडीनं विचारलं, "काई वेगो?" काय झालं? मी म्हटलं, ऊन लागलं. तिनं कांद्याचा रस माझ्या तळपायांना चोळला. मी तळपाय तिच्या हातात देऊन छताच्या टिनाकडे पाहत राहिले आणि मनात एकच हिशेब मांडत होते: पाकीट उघडं होतं की बंद होतं?

संध्याकाळी बा आला. हातपाय धुतले, चहा घेतला. मग मी पुस्तक घेऊन बसले होते तिथं येऊन त्यानं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षर लावून वाचायचा. त्यानं पानं चाळली आणि पुस्तक परत दिलं. "शेवटचा धडा करजो," तो म्हणाला. "तेवढा सोडू नको."

बा माझ्या अभ्यासाबद्दल कधीच काही बोलत नसे. 'झालं का?' एवढंच विचारायचा. त्या दिवशी त्यानं नेमका धडा सांगितला. शेवटचा धडा शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेचा होता, मी तो सोडून दिला होता. तो करू नये असं एक मन म्हणत होतं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशीची मुलगी काय करणार? मी तो केला. पहाटे उठून अंगणात फेऱ्या मारत पुन्हा घोकला. मध्यस्थ, अडत, वजनमापातली लबाडी, साठवणुकीची सोय नसणं. बा तेव्हा निंबाखाली दात घासत होता.

सकाळी आठला पेपर हातात आला. पाचवा प्रश्न वीस गुणांचा: शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेतले दोष सांगा.

त्या हॉलमध्ये वर पंखा गरागरा फिरत होता. मी पहिले चार प्रश्न लिहिले. मग पाचव्याचा आकडा घातला, त्याखाली रेघ मारली आणि थांबले. ते उत्तर माझ्या ओठांवर होतं. पहाटेचं अंगण होतं, चालताना मोजलेली पावलं होती, सगळं होतं. पण ते लिहिणं म्हणजे बानं जे केलं त्यावर मी सही करणं, असं मला वाटत होतं. आणि दुसरी भीती त्याहून मोठी होती. उद्या कुणाला कळलं, तर हेच पान दाखवून म्हणतील, बघा, शिपायाच्या पोरीला कसं सगळं येत होतं. मी पेन खाली ठेवलं. अर्धा तास तशीच बसून राहिले. व्हरांड्यातून बाच्या चपलांचा आवाज दोनदा गेला. मी वर पाहिलं नाही. घंटा झाली आणि पाचव्या आकड्याखालचं पान कोरंच राहिलं.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर कुजबुज सुरू झाली होती. हा पेपर आदल्या संध्याकाळीच फुटला होता म्हणे. बाभुळगावकडून आलेल्या एका पोराजवळ प्रश्न लिहिलेला कागद होता, कळंबमध्येही होता म्हणे. तीन दिवसांत वर्तमानपत्रात आलं. विद्यापीठानं पेपर रद्द केला आणि चौकशी लावली. बऱ्याच केंद्रांत गडबड होती, पण आमच्या केंद्राच्या नोंदवहीत त्या दिवशीच्या पर्यवेक्षकांनी एक ओळ लिहिली होती: पाकिटाची मोहोर तिरकी वाटली. शहरातल्या माणसांना तेवढं पुरलं. चौकशी समिती सर्वात आधी आमच्या गावात येणार, असं पत्र आलं.

त्यानंतरचे अडीच आठवडे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. याडी बांगड्या दंडावर वर सरकवून त्यांना फडकं बांधून भाकरी थापायची, म्हणजे आवाज होणार नाही. असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आज्याला पोलीसचौकीवर हजेरी द्यावी लागायची, गावात कुठं चोरी झाली की आधी तांड्यावर जीप यायची, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. "आपल्या लोकाईले पयले पकडतेत. मंग इचारतेत." विहिरीवर बाया तिच्यापासून दूर सरून जागा करून द्यायच्या, तीही भीतीनंच. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, पण केंद्र जाणार अशी बातमी गावभर झाली होती, आणि केंद्र गेलं की पुढच्या वर्षीच्या मुलींचं शिक्षण तिथंच थांबणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई एकदा आमच्या दारात आली. आत आली नाही. "सक्रूभाऊनं असं करायले नव्हतं पाहिजे," एवढं म्हणाली आणि गेली. बा घरातच होता. त्यानं ते ऐकलं. तो उठून पाण्याच्या मडक्याकडे गेला आणि पाणी न पिताच परत आला.

मला त्याला विचारायचं होतं. रोज ठरवायची. जेवताना त्याच्या हाताकडे पाहायची आणि उजव्या अंगठ्यावर लाखेनं भाजलेला डाग दिसायचा, आणि मी भाकरी मोडायला लागायची. त्यानंही काही सांगितलं नाही. आता मला कळतं की तो मला सांभाळत होता. मला जेवढं कमी माहीत असेल तेवढं बरं, असं त्याला वाटत असावं. तेव्हा मात्र त्याच्या गप्प बसण्याचा मी एकच अर्थ लावला.

समिती आली त्या सकाळी याडीनं मला मागच्या खोलीत नेलं. "तू काही पाह्यलं नाही," ती म्हणाली. ती काय पाहिलं ते विचारत नव्हती. तिला काही ठाऊक नव्हतं. फक्त माझ्या तोंडाकडे पाहून तिनं ओळखलं होतं. "काही बी इचारलं तं नाही म्हणजो. समजलं?"

समितीत तिघं होते. अध्यक्ष एक बाई होत्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, केस पिकलेल्या, चष्मा गळ्यात दोरीला. विद्यापीठात शिकवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. दोन्ही बाजूंना दोन पुरुष, एकाच्या पुढं फायली. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून पाणी मारलेलं होतं, त्यामुळं खोलीत अंधार आणि ओल्या गवताचा वास होता. मला खुर्ची दिली. मी बसले नाही.

"तुमचे वडील इथं शिपाई आहेत," फायलीवाले म्हणाले. "त्यांना विद्यापीठाच्या पाकिटांना हात लावताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"पेपरविषयी घरी काही बोलले?"

"नाही."

"बरं. बाहेर बसा."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मग केंद्रप्रमुख सर आत गेले आणि लवकरच बाहेर आले, माझ्याकडे न पाहता. मग बा गेला. दार उघडंच होतं, शब्द स्पष्ट येत होते.

"पेटीची चावी तुमच्याकडं कशी आली?"

"सरनं देली. जेवाले जाऊन राह्यलो म्हणे, उद्याचे पाकिटं वर काढून ठेव."

"ते तर म्हणतात चावी त्यांच्या खिशातच होती."

"त्याईचं त्याईले मालूम," तो म्हणाला. "मले त्याईनं देली."

"मोहोर कुणी लावली?"

"म्या. म्या चिकटवली साहेब. खोली टिनाची हाय. आतमंदी भट्टी होते. लाख नरम होऊन वरच्या पाकिटाले चिकटली होती. वरचं उचललं तं याची मोहोर निघून आली. पाकीट फाटलं नाही, उघडलं नाही. म्या घाबरलो. मेणबत्ती लावली, कडेकडेनं गरम केली अन् दाबली."

"प्राचार्यांना का सांगितलं नाही?"

"भेव वाटला. माही पोरगी परीक्षेत होती ना."

"हे करताना तुम्हाला कुणी पाहिलं?"

मी बाकाची कड धरली. मला वाटलं, आता तो नाही म्हणेल. कुणीही बाप नाही म्हणाला असता.

"पाह्यलं," बा म्हणाला. "माह्या पोरीनं पाह्यलं. डबा घेऊन आलती."

मला पुन्हा आत बोलावलं. बा भिंतीला लागून उभा होता. त्याला ठाऊक नव्हतं मी आधी काय सांगितलं ते. फायलीवाल्यांनी वाचून दाखवलं तेव्हा ते त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली. या वेळी मी खुर्ची घेतली.

"मघाशी तू नाही म्हणालीस," बाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. "का?"

"भेव वाटला."

"कशाचा?"

"पोलिसाईचा."

"वडिलांनी तुला पेपर दाखवला होता?"

"नाही."

"एकदा खोटं बोललेली मुलगी," फायलीवाले म्हणाले, "आता खरं बोलतेय कशावरून?"

बाईंनी त्यांच्या समोरचा एक गठ्ठा सोडला, त्यातून एक उत्तरपत्रिका काढली आणि माझ्यापुढं सरकवली. माझं अक्षर होतं. "ज्यांच्या हाती पेपर आधी आला होता, त्या सगळ्यांनी पाचवा प्रश्न पानंच्या पानं लिहिलाय. सगळ्यांत जास्त गुणांचा तोच होता. तू नुसता आकडा घातलास. का सोडलास?"

मी बाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानंही मान वर केली होती. खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं: मला वाटलं माझ्या बानं पेपर फोडला, म्हणून मी लिहिलं नाही. ते वाक्य त्या खोलीत उच्चारलं असतं तर काय झालं असतं, हे मला तेव्हाही समजत होतं.

"येत नव्हतं," मी म्हटलं.

बाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरं वाटलं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. मग त्यांनी उत्तरपत्रिका मिटली आणि बाजूच्या दोघांना म्हणाल्या, "पेपर हाती आलेली मुलगी वीस गुण सोडून उठत नाही. लिहून घ्या."

आम्ही दोघं बाहेर पडलो. ऑफिसपासून आमच्या खोल्या दोनशे पावलांवर, पण त्या दिवशी ते अंतर संपेना. जमिनीतून वाफ निघत होती. बा पुढं, मी मागं. निंबाच्या सावलीत आल्यावर तो थांबला.

"येत नव्हतं का तुले?" त्यानं विचारलं.

मी काही बोलले नाही.

"त्या दिवशी पायटी अंगणात तू तेच तं घोकून राह्यली होती. म्या आयकलं."

मी खाली पाहत होते. त्याच्या चपलेचा एक अंगठा तुटला होता आणि तो सुतळीनं बांधलेला होता. मी त्या सुतळीकडे पाहत राहिले, आणि माझ्या गप्प राहण्यानंच त्याला उत्तर मिळत होतं. ते त्याच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला असेल? एक मिनिटही नाही.

"तुह्या पुस्तकात साऱ्या पानाईवर लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या," तो हळूच म्हणाला. "शेवटच्या धड्यात एकबी नव्हती. म्हून म्हटलं व्हतं, करजो."

तो घरात गेला नाही. कॉलेजच्या मागच्या विहिरीकडे निघून गेला. मी निंबाखाली उभी राहिले आणि मला रडूही आलं नाही. भीती अजून गेली नव्हती, फक्त ती आता पोलिसांची किंवा समितीची राहिली नव्हती.

पुढं जे कागदोपत्री झालं ते थोडक्यात सांगते. महिन्याभरात विद्यापीठाचं पत्र आलं. पेपर फुटला तो दुसऱ्याच जिल्ह्यातून, आमच्या केंद्राचा त्याच्याशी संबंध नाही. केंद्र राहिलं, पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये आधीपेक्षा जास्त मुली बसल्या. बाला मोहोरेला हात लावल्याबद्दल कामावरून तात्पुरतं काढलं आणि पावसाळा संपता संपता परत घेतलं, पण परीक्षेचं काम त्याला कायमचं बंद झालं. केंद्रप्रमुख सरांना काहीही झालं नाही. पुढं ते प्राचार्य झाले, आणि माझ्या लग्नाला आले तेव्हा बानं त्यांना स्वतः पाट मांडून जेवायला बसवलं. चावीविषयी दोघं कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

मी पुढं त्याच विद्यापीठात एम.ए. केलं आणि तिथंच शिकवलं. त्या बाई तोवर निवृत्त होऊन परगावी गेल्या होत्या. त्यांना गाठावं असं कितीदा मनात आलं, पण गाठून काय सांगायचं हे कधी ठरलं नाही. चौकशी समित्यांवर मीही बसले. टेबलाच्या त्या बाजूनं घाबरलेली पोरं पाहिली, आणि खोटं बोलणारं प्रत्येक पोर गुन्हा लपवत नसतं, हे बरोबरच्यांना पटवताना माझा आवाज नको इतका चढायचा. आता तर पेपर संगणकावर येतात, तासभर आधी छापतात. लाख नाही, पेटी नाही. नवे कारकून ऐकतात तेव्हा हसतात.

त्या उन्हाळ्यात बा माझ्यावर रागावला असता तर सोपं झालं असतं. तो रागावला नाही. दिवसभर घरी असायचा, कारण कामावर जायचं नव्हतं. दुसरा शिपाई घंटा वाजवायचा आणि ठोका चुकला की बाच्या मांडीवरची बोटं हलायची. माझ्याशी बोलायचा, पण परक्याच्या पोरीशी बोलावं तसं, जपून. मी पाणी दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचा. याडीला काही कळत नव्हतं. "कायले चूप झाले दोघंबी? सुटलो ना आपण," ती म्हणायची आणि बांगड्यांवरचं फडकं सोडून टाकायची.

रद्द झालेला पेपर जुलैत पुन्हा झाला. त्या सकाळी मी तयार होऊन निघाले तेव्हा बा चपला घालून दारात उभा होता. चल म्हणाला नाही, नुसता सोबत निघाला. मागच्या बाजूनं आम्ही रोज जात असू, पण त्या दिवशी तो मला बाहेरून, मुख्य फाटकाकडून घेऊन गेला. आत जायची त्याला तेव्हा परवानगी नव्हती. फाटक उघडणारा नवा माणूस त्याला पाहून गोंधळला, त्यानं नमस्कार केला. बानंही केला आणि फाटकाच्या बाहेरच, जिथं डांबर संपून मुरूम सुरू होतो, तिथं थांबला.

मी दोन पावलं आत गेले आणि मागं वळले. इतक्या दिवसांत जे तोंडातून आलं नव्हतं ते तिथं, इतकी पोरंपोरी आजूबाजूनं जात असताना आलं.

"बा, मले तवा वाटलं का तू..."

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "भेव असला का माणसाले काहीबी वाटते. मलेबी वाटलं होतं का तूनंच त्याईले सांगतलं असन, म्हून तं मले आत बलावलं."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. हे त्यानंही इतके दिवस पोटात ठेवलं होतं. आणि तरी त्यानं आत उभं राहून सगळं खरं सांगितलं होतं.

पहिली घंटा झाली, थोडी उशिरा. बानं ती ऐकून तोंड वाकडं केलं आणि मग हातानं मला आत जायची खूण केली.

"जाय आता. येते ते सारं लिहिजो."

मी आत गेले आणि लिहिलं.